नाहीसा झालेला नाइटगाऊन

आमच्या पिढीतील ज्यांचे बालपण हैदराबादेत काचीगुडा, सुलतान बाजारच्या आसपास गेले, त्यांना मराठी ग्रंथालयातून आणलेल्या रहस्यकथांची आठवण नक्की असेल. बाबूराव अर्नाळकरांची पुस्तके आमच्या हाती आली तोवर ती इतक्या हातांतून फिरलेली असत की पुष्कळदा शेवटचे पानच गायब असे. म्हणजे खून कसा झाला ते कळे, पण कोणी केला ते कळत नसे. मग आम्ही भावंडे रात्री गच्चीवर अंथरुणे टाकून खुनी कोण यावर वाद घालत असू. एका गोष्टीवर मात्र आमचे एकमत असे. धनंजय त्या हरवलेल्या पानावर खुन्याला बरोबर पकडणार, याबद्दल कुणाच्या मनात शंका नसे. हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिणाऱ्या अर्नाळकरांनी तेवढा विश्वास आमच्या मनात निर्माण केला होता.

पुढे नोकरी लागली, संसार सुरू झाला आणि वाचन मागे पडले. काही वर्षांपूर्वी एका सक्तीच्या आजारपणात विल्की कॉलिन्स या इंग्रज लेखकाची ‘द मूनस्टोन’ ही कादंबरी शब्दकोश शेजारी ठेवून वाचली. १८६८ साली प्रसिद्ध झालेली ही कादंबरी इंग्रजीतील डिटेक्टिव्ह कादंबऱ्यांची मोठी आई मानली जाते. शेरलॉक होम्स तिच्यानंतर जवळजवळ वीस वर्षांनी, १८८७ मध्ये आला. ती वाचताना आम्हाला धक्का बसला तो हिऱ्याच्या चोरीचा नव्हे. कादंबरीतला डिटेक्टिव्ह, सार्जंट कफ, चुकतो. तो चुकतो, त्याच्या तपासाच्या धांदलीत एका मोलकरणीचा जीव जातो, आणि तो मान खाली घालून निघून जातो. धनंजयचे बोट धरून वाढलेल्या आम्हाला हे पचेना. म्हणून या कफचे मूळ शोधू लागलो, तेव्हा एक खरा पोलीस अधिकारी, एक खरा खून आणि एक नाहीसा झालेला खरा नाइटगाऊन समोर आला. यंदाच्या स्मरणिकेत ती हकिकत सांगावी असे ठरवले. शेवटी आमचीही एक गोष्ट सांगायची आहे.

रोड गावची ती रात्र

इंग्लंडच्या विल्टशर आणि सॉमरसेट या परगण्यांच्या सीमेवर रोड नावाचे खेडे होते. गावाबाहेर ‘रोड हिल हाउस’ हा मोठा बंगला. त्यात सॅम्युएल केंट हे गृहस्थ राहत. ते सरकारी नोकर होते, कारखान्यांचे निरीक्षक. त्यांची पहिली पत्नी वारली होती. तिच्या हयातीतच मुलांना शिकवण्यासाठी घरात आलेल्या शिक्षिकेशी त्यांनी पुढे लग्न केले. घरात पहिल्या पत्नीची मोठी मुले आणि दुसऱ्या पत्नीची लहान मुले, असा दोन थरांचा संसार होता. त्याशिवाय दाई, मोलकरीण आणि स्वयंपाकीण.

३० जून १८६०, शनिवार. पहाटे दाईला जाग आली तेव्हा दुसऱ्या पत्नीचा तीन वर्षांचा मुलगा सॅव्हिल पाळण्यात नव्हता. आईने उचलून नेला असेल असे समजून ती पुन्हा झोपली. सकाळी कळले की तो आईकडेही नाही. दिवाणखान्याची एक खिडकी उघडी सापडली. शोधाशोध सुरू झाली, आणि बागेतल्या नोकरांच्या शौचकूपात त्या बालकाचा गळा चिरलेला देह गावकऱ्यांना मिळाला. सणासुदीच्या अंकात याहून जास्त वर्णन नको.

घराची दारे रात्री आतून बंद केली जात. कुत्रा फारसा भुंकला नाही. दाईच्या खोलीतून, इतर झोपलेल्यांना जाग न येऊ देता, मूल उचलले गेले. म्हणजे करणारा घरातलाच, हे उघड होते. पण घरातला म्हणजे कोण? स्थानिक पोलिसांचा संशय लगेच दाईवर गेला. गरीब, परगावची, एकटी बाई. तिच्यावर संशय घ्यायला कुणाची परवानगी लागत नव्हती.

माळ्याचा मुलगा

दोन आठवडे उलटले तरी उलगडा होईना, तेव्हा लंडनहून स्कॉटलंड यार्डचा अधिकारी मागवण्यात आला. त्याचे नाव जोनाथन व्हिचर. १८१४ साली लंडनच्या कँबरवेल भागात एका माळ्याच्या घरी त्याचा जन्म झाला. मजुरी सोडून १८३७ मध्ये तो पोलिसात शिपाई म्हणून भरती झाला. १८४२ मध्ये स्कॉटलंड यार्डने साध्या वेशातील तपासनीसांची एक छोटी शाखा उघडली. सुरुवातीला तिच्यात जेमतेम आठ माणसे होती. इंग्लंडातील ‘डिटेक्टिव्ह’ या जातीचा उगम तिथला. व्हिचर त्या पहिल्या पिढीतला. चार्ल्स डिकन्सने १८५० मध्ये आपल्या साप्ताहिकात या तपासनीसांवर लेख लिहिले, त्यात नाव किंचित बदलून व्हिचरही आहे. सहकारी त्याला बुद्धीने सर्वांत पुढचा मानत.

लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की त्या काळी हा पेशाच लोकांना खुपत होता. इंग्रज माणूस आपले घर म्हणजे आपला किल्ला समजे. त्या किल्ल्यात साध्या कपड्यांतला एक मजूरवर्गातला माणूस शिरणार, कपाटे उघडणार, मुलीबाळींना प्रश्न विचारणार, हे सभ्य लोकांना सहन होण्यासारखे नव्हते. चोर गल्लीबोळात पकडा, आमच्या दिवाणखान्यात नको, असा एकंदर भाव होता.

धुण्याच्या यादीतली चूक

व्हिचर आला आणि त्याने पहिले विचारले ते धुण्याबद्दल. प्रत्येकाचे कपडे किती, धुवायला किती गेले, परत किती आले. पहिल्या पत्नीची सोळा वर्षांची मुलगी कॉन्स्टन्स हिचे नाइटगाऊन तीन होते, आणि घरात दोनच मिळाले. तिसरा धोबिणीने हरवला, असे घरचे म्हणत. धोबीण शपथेवर सांगत होती की तो गाठोड्यात आलाच नाही.

व्हिचरने मोलकरणीला पुन्हा पुन्हा विचारले. तेव्हा कळले की खुनानंतरच्या सोमवारी ती धुण्याचे कपडे यादीप्रमाणे मोजून टोपलीत भरत होती. कॉन्स्टन्स तिथे आली. कपड्याच्या खिशात आपले पैशाचे पाकीट राहिले का, पाहायला सांगितले. मग प्यायला पाणी आणायला तिला खाली पाठवले. मोलकरीण परत येईपर्यंत कॉन्स्टन्स टोपलीजवळ एकटी होती.

यावरून व्हिचरने मांडलेले अनुमान असे. खुनाच्या रात्रीचा रक्ताचा गाऊन मुलीने नष्ट केला. आता तीनांतील एक कमी भरणार आणि आपण पकडले जाणार. म्हणून दुसरा, निर्दोष गाऊन आधी टोपलीत टाकून यादीत चढवून घेतला, आणि मोलकरीण पाठमोरी होताच परत काढून घेतला. यादीत गाऊन आहे, टोपलीत नाही. म्हणजे दोष धोबिणीचा. असलेली वस्तू हरवल्याचे दाखवून, नसलेली वस्तू लपवायची.

त्याच्याकडे आणखी एक धागा होता. चार वर्षांपूर्वी हीच मुलगी केस कापून, मुलाचा वेश करून, धाकट्या सख्ख्या भावाला घेऊन घरातून पळाली होती. त्या वेळी कापलेले केस आणि आपले कपडे तिने टाकले होते त्याच शौचकूपात. सावत्र आईबद्दल तिच्या मनात राग होता, हे शाळेतल्या मैत्रिणींकडून कळले.

पण पुरावा कुठे होता? सगळी इमारत एका नसलेल्या कापडावर उभी होती. स्थानिक दंडाधिकाऱ्यांच्या आग्रहाने २० जुलैला कॉन्स्टन्सला अटक झाली. एका आठवड्यानंतरच्या सुनावणीत तिच्या वकिलाने व्हिचरची खिल्ली उडवली. एका कुलीन कन्येला, नाइटगाऊन सापडत नाही म्हणून, फाशीच्या दोराकडे ओढायचे? सभागृहात टाळ्या पडल्या. मुलगी दोनशे पौंडांच्या जामिनावर सुटली. वर्तमानपत्रे व्हिचरवर तुटून पडली. खालच्या थरातून आलेल्या या माणसाला थोरामोठ्यांच्या घरातले काय कळणार, एका मुलीच्या अंतर्वस्त्रांत नाक खुपसताना लाज वाटली नाही का, असा सूर लागला. त्याच्या वरिष्ठांनी त्याला उघडपणे दोष दिला नाही, पण त्याच्या पाठीशीही कुणी ठामपणे उभे राहिले नाही. नंतर दाईला पुन्हा अटक झाली आणि तीही पुराव्याअभावी सुटली.

यातला सर्वांत कटू भाग आणखी काही महिन्यांनी बाहेर आला. खुनाच्या दिवशीच स्थानिक पोलिसांना स्वयंपाकघराच्या मागल्या बाजूच्या बॉयलरच्या भट्टीत रक्ताचे डाग पडलेले एक वस्त्र सापडले होते. न्यायला कोण येते ते पाहू म्हणून त्यांनी ते तिथेच ठेवले, पाळत ठेवली, आणि ते त्यांच्या नाकासमोरून नाहीसे झाले. आपली ही फजिती झाकण्यासाठी त्यांनी ती गोष्ट व्हिचरला सांगितलीच नाही. लंडनचा माणूस खेड्यात येऊन त्या कापडाचा माग काढत होता, आणि त्याच्या शेजारी बसलेले अधिकारी मूग गिळून होते.

१८६४ मध्ये, वयाची पन्नाशी गाठण्याआधीच, व्हिचरने प्रकृतीच्या कारणावरून निवृत्ती घेतली. कागदोपत्री कारण मेंदूवरील ताणाचे होते.

पाच वर्षांनंतर

२५ एप्रिल १८६५ रोजी लंडनच्या बो स्ट्रीट न्यायालयात काळ्या वेशातील एक तरुणी एका धर्मगुरूबरोबर आली. ती कॉन्स्टन्स केंट होती. आता एकवीस वर्षांची. सावत्र भावाचा खून आपण एकटीने केला, असा तिने लेखी कबुलीजबाब दिला. कुणी तिला पकडले नव्हते, नवा पुरावा मिळाला नव्हता. जुलैमध्ये सॅलिसबरीला खटला उभा राहिला. तिने गुन्हा कबूल केला आणि काही मिनिटांत खटला संपला. फाशीची शिक्षा सुनावताना न्यायाधीशांना रडू आवरेना, असे सांगतात. ती शिक्षा पुढे जन्मठेपेवर आली. वीस वर्षांनी, १८८५ मध्ये, ती सुटली. नाव बदलून ऑस्ट्रेलियाला गेली, तिथे परिचारिका झाली, आजाऱ्यांची सेवा करण्यात उरलेले आयुष्य घालवले आणि १९४४ मध्ये, शंभर वर्षांची होऊन, वारली.

व्हिचर बरोबर होता. पण ज्यांनी त्याला झोडपले होते, त्यांच्या पश्चात्तापाने त्याची नोकरी परत आली नाही. इतकेच की खाजगी तपासनीस म्हणून त्याने पुन्हा काम धरले, आणि टिचबोर्न घराण्याचा खोटा वारस उघडा पाडण्याच्या त्या काळच्या गाजलेल्या प्रकरणात त्याच्याच तपासाने महत्त्वाचा धागा मिळाला. १८८१ मध्ये तो वारला.

इथे गोष्ट संपली असती तर ती ‘सत्यमेव जयते’ची गोष्ट झाली असती. पण तसे नाही. कॉन्स्टन्सच्या कबुलीतले काही तपशील जखमांशी जुळत नाहीत, हे तेव्हाच काहींनी दाखवून दिले होते. ती धाकट्या भावाला वाचवत होती का, या शंकेला २००८ साली केट समरस्केल यांच्या पुस्तकाने पुन्हा वाचा फोडली. खुद्द व्हिचरलाही त्या भावाचा हात असावा असे वाटत होते. तो भाऊ पुढे सागरी जीवांचा नामवंत अभ्यासक झाला, ऑस्ट्रेलियातल्या प्रवाळभित्तींवर त्याने मोठे काम केले. म्हणजे बरोबर ठरलेल्या माणसालाही संपूर्ण सत्य मिळाले असे खात्रीने म्हणता येत नाही.

सार्जंट कफ

कबुलीनंतर तीन वर्षांनी ‘द मूनस्टोन’ डिकन्सच्या साप्ताहिकात क्रमशः येऊ लागली. कॉलिन्स त्या वेळी संधिवाताने हैराण होता आणि वेदना थांबवण्यासाठी अफूचा अर्क घेत होता. त्याने रोडचे प्रकरण जवळून वाचले होते, हे पानोपानी दिसते. बंगल्यातल्या एका तरुणीचा अमूल्य हिरा रात्रीतून चोरीला जातो. चोर घरातलाच. स्थानिक पोलीस अधिकारी गोंधळ घालतो आणि नोकरांना दमात घेतो. लंडनहून बोलावलेला सार्जंट कफ येतो. नुकत्याच रंगवलेल्या दारावर कपड्याचा फराटा उठलेला दिसतो, आणि तो विचारतो की रंग लागलेला कपडा कुठे आहे? रक्ताच्या जागी रंग आला, इतकाच फरक. पुन्हा घरातल्या प्रत्येकाच्या धुण्याची यादी. पुन्हा एक नाइटगाऊन.

कफ हा वाळकुडा, प्रौढ, उदास चेहऱ्याचा माणूस आहे. त्याला गुलाबांचे वेड. तपास चालू असताना बागेच्या माळ्याशी तो गुलाबांवरून भांडतो, आणि निवृत्त होऊन गुलाब लावायचे स्वप्न बाळगतो. हे वाचताना व्हिचर माळ्याचा मुलगा होता, हे आम्हाला आठवल्याशिवाय राहिले नाही. कॉलिन्सला ते माहीत असो वा नसो.

आणि मग कफ चुकतो. त्याचा तर्क व्हिचरसारखाच धारदार आहे. घरातल्या मुलीनेच स्वतःचा हिरा लपवला, आणि पूर्वी चोरी करून सुधारलेली मोलकरीण रोझॅना तिची साथीदार, असा त्याचा निष्कर्ष. मुलीची आई त्याला मानाने पण ठामपणे घराबाहेर काढते. तोवर रोझॅनाने जवळच्या समुद्रकाठच्या फसव्या वाळूत जीव दिलेला असतो. तिने काय लपवले होते आणि कुणासाठी, ते इथे सांगत नाही. चोराचे नावही सांगत नाही, कारण कुणीतरी ती कादंबरी वाचावी अशी आमची इच्छा आहे. एवढेच सांगतो की कफ पुन्हा येतो, आपली चूक मान्य करतो, आणि ज्याच्यावर आता संशय आहे त्याचे नाव कागदावर लिहून, लिफाफा बंद करून, दुसऱ्याच्या हाती देतो. निकाल लागल्यावर उघडा, म्हणतो.

आम्हाला यातली कॉलिन्सची चतुराई अशी वाटते. जग व्हिचरला चूक म्हणत होते आणि तो बरोबर निघाला. कादंबरीत कफ स्वतःला बरोबर म्हणतो आणि चूक निघतो. लेखकाने आपल्या नायकाला सोपा विजय दिला नाही. तपास करणाऱ्याची बुद्धी कितीही तल्लख असली, तरी तिच्या वाटेत एखादी रोझॅना असते, आणि ती जवळजवळ नेहमी नोकरवर्गातली असते.

हिऱ्याची पहिली चोरी

या कादंबरीचा आपल्या शहराशी एक संबंध आहे, म्हणून दोन शब्द. हिरा इंग्लंडात कसा आला? कादंबरीची सुरुवात ४ मे १७९९ रोजी श्रीरंगपट्टणात होते. टिपू सुलतान पडला, इंग्रज फौज शहरात शिरली आणि लूट सुरू झाली. त्या लुटीत एका इंग्रज अधिकाऱ्याने हिऱ्याच्या रक्षकांना मारून तो पळवला. मूळचा तो सोमनाथच्या चंद्रदेवतेच्या मूर्तीचा. हिरा आणि ते रक्षक काल्पनिक, पण लूट खरी. आणि इंग्रजांच्या बाजूने त्या मोहिमेत कोण होते? आपल्याच निजामाची फौज, मीर आलमच्या नेतृत्वाखाली. प्राणिसंग्रहालय पाहायला जाताना ज्या मीर आलम तलावाच्या कमानी आपण पाहतो, तो तलाव त्याच मोहिमेच्या लुटीतल्या वाट्यातून बांधला असे जुन्या शहरात सांगतात.

आपण मराठी माणसांनीही लगेच कॉलर ताठ करू नये. त्याआधीच्या युद्धात, १७९१ मध्ये, टिपूवर चालून गेलेल्या पटवर्धनांच्या फौजेबरोबरच्या लुटारूंनी शृंगेरीचा मठ लुटला होता. देवाचे दागिने लुटणारे नेहमी परकेच असतात असे नाही.

१८५७ चा उठाव ताजा असताना, इंग्लंडात हिंदी लोकांविषयी संताप धुमसत असताना, कॉलिन्सने चोर ठरवला तो इंग्रज अधिकारी. हिऱ्याच्या मागावर आलेल्या तीन ब्राह्मणांना त्याने निष्ठेचा मान दिला. तेही साधे संत नव्हेत, हेही तो लपवत नाही. पण यॉर्कशरच्या बंगल्यातल्या चोरीच्या तपासासाठी लंडनहून सार्जंट येतो, आणि श्रीरंगपट्टणच्या चोरीचा तपास कुणीच करत नाही, ही गोष्ट वाचकाच्या लक्षात यावी अशीच त्याने रचना केली आहे. बोट आपल्या घराकडे वळले की तपास थांबतो. रोड गावात तेच झाले, साम्राज्यातही तेच.

आमचे हरवलेले पान

आता आमची गोष्ट. आम्ही सिव्हिलचा डिप्लोमा करून राज्य सरकारच्या एका खात्यात लागलो. कोणत्या, ते महत्त्वाचे नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी एका कामाच्या गोदामात सिमेंटची चाळीसेक पोती कमी भरली. तिघांची चौकशी समिती नेमली गेली. त्यात सर्वांत कनिष्ठ आम्ही, म्हणून अहवाल लिहिण्याचे काम आमच्याकडे आले.

गोदामाची किल्ली रात्री चौकीदाराकडे असे. रोजंदारीवरचा, बिदरकडचा वयस्क माणूस. पहिल्या दिवसापासून सगळे त्याच्याकडेच पाहत होते. आम्ही स्टॉक रजिस्टर तपासले तेव्हा एक पान नव्हते. फाडलेले नव्हे, शिवणीजवळ पात्याने कापलेले, आणि त्याच्या जोडीचे पान सैल झालेले. पुढच्या पानावरची शिल्लक कमी भरलेल्या साठ्याशी बरोबर जुळत होती. म्हणजे ज्याने ते पान काढले त्याला नोंदी वाचता येत होत्या, बेरीज करता येत होती, आणि दिवसा रजिस्टर हाताळता येत होते. चौकीदार अंगठा लावत असे.

आम्हाला एका माणसाचा संशय आला. तो साहेबांच्या मर्जीतला होता. पण हातात काय होते? एक नसलेले पान. आमच्या दोन्ही वरिष्ठांनी समजावले, पुराव्याशिवाय कुणाचे नाव घ्यायचे नसते. ते खरेच होते. मग त्यांनी सुचवलेले वाक्य आम्ही लिहिले, की चौकीदाराच्या हलगर्जीपणामुळे नुकसान झाल्याचे दिसते. कापलेल्या पानाचा उल्लेख ‘रजिस्टर जीर्ण अवस्थेत’ या तीन शब्दांत गुंडाळला. आणि सही केली.

चौकीदाराचे काम गेले. जाण्याच्या दिवशी तो टेबलाजवळ आला आणि एवढेच म्हणाला, “साब, मेरेकु पढ़ना बी नै आता. आपकु तो मालूम था ना?” आवाज चढवला नाही. आम्ही फाइलीत डोके घातले.

ज्याच्यावर आमचा संशय होता तो माणूस दोषी होता का? माहीत नाही. कफसारखे आम्हीही चुकलेले असू शकतो. त्या माणसाचे नाव न लिहिल्याबद्दल आम्हाला खंत नाही. खंत दुसरीच आहे. ‘अमुक पान पात्याने कापलेले आढळले, चौकीदार निरक्षर आहे’, ही दोन वाक्ये शंभर टक्के खरी होती. ती लिहायला कुणाचा पुरावा लागत नव्हता. ती आम्ही लिहिली नाहीत. पुराव्याशिवाय बोट दाखवू नये, हा नियम साहेबांच्या माणसासाठी पाळला आणि चौकीदारासाठी मोडला.

व्हिचरच्या हातून चूक झाली असेलही. त्याने घाई केली असेल, दंडाधिकाऱ्यांच्या दबावाला बळी पडला असेल. पण त्याच्या वरिष्ठांना पाठवलेल्या अहवालांत त्याने काय पाहिले, काय मिळाले नाही आणि त्यावरून आपल्याला काय वाटते, हे आपल्या सहीने लिहून ठेवले. धोबिणीवर ढकलून मोकळा झाला नाही. सोपे तेच होते. सगळ्या घराला तेच हवे होते. दाई आणि धोबीण दोघी हाताशी होत्या. पाच वर्षांनी कबुली आली तेव्हा त्याचे कागद जागेवर होते. कफचा लिफाफा तरी दुसरे काय आहे? आज कुणाला पटो न पटो, आपल्याला दिसले ते लिहून, बंद करून, काळाच्या हाती देणे.

त्या प्रसंगानंतर आम्ही स्वतःपुरती एक सवय लावून घेतली. पाहणीचा अहवाल असो वा पंचनामा, जे डोळ्यांनी दिसले ते आधी लिहायचे, मग मत. वरिष्ठांना आवडले नाही तर मत खोडू द्यायचे, दिसलेले खोडू द्यायचे नाही. त्यापायी दोनदा बदली झाली, एकदा बढती लांबली. फार मोठी किंमत नव्हे ती. चौकीदाराने दिली तेवढी तर नक्कीच नव्हे. त्याचा पुढे बिदरकडे शोध घेतला, पण तो सापडला नाही.

लहानपणी अर्नाळकरांच्या पुस्तकाचे शेवटचे पान नसले की आम्ही वैतागत असू. आता वाटते, बहुतेक खऱ्या गोष्टींचे शेवटचे पान असेच नसते. जे पान हातात आहे तेवढे तरी कुणी कापू नये, एवढे पाहणे आपल्या हाती असते. आपल्या मंडळाच्या मांडवात दरवर्षी आपण ज्याच्यापुढे हात जोडतो, तो बुद्धीचा देव आहे आणि महाभारत लिहून घेणारा लेखनिकही. व्यासांनी सांगितलेले त्याने अर्थ समजून घेऊनच लिहिले, अशी कथा आहे. आम्हा फायली लिहिणाऱ्या माणसांना त्याच्याकडे दुसरे काय मागायचे? यंदाही मांडवात भेटूच. कुणाला ‘मूनस्टोन’ वाचायची असेल, तर आमची प्रत शेवटच्या पानासकट शाबूत आहे.